शिक्कामोर्तब : यंत्राने यंत्राला लिहिलेल्या पत्रावरचे

मोबाइलमधला फोटो ‘क्लाउड’वर चढतो, बँकेचे मासिक विवरण उतरवून घेतले जाते, एखाद्या ग्रंथालयाची स्कॅन केलेली पोथी पडद्यावर उघडते. या प्रत्येक कृतीमागे एका संगणकाने दुसऱ्या संगणकाला लिहिलेले एक छोटे पत्र असते. तांत्रिक भाषेत त्याला एचटीटीपी विनंती म्हणतात. ‘अमुक फाइल द्या’, ‘ही फाइल ठेवून घ्या’, ‘ती पुसून टाका’ एवढाच त्यातला मजकूर. असे पत्र जगातल्या कुठल्याही यंत्रावरून येऊ शकते. मग ते घेणाऱ्या सर्व्हरने तीन प्रश्नांची उत्तरे कशी मिळवायची? पत्र खरोखर खातेदाराचेच आहे का? वाटेत कोणी त्यात फेरफार केला आहे का? आणि ते आजचे आहे, की कोणी जुने पत्र पुन्हा पुढे केले आहे?

या तिन्हींवर दिलेले उत्तर म्हणजे विनंतीवरची सही. प्रोग्रॅमर ती स्वतः क्वचितच करतो. त्याने वापरलेली क्लायंट लायब्ररी, म्हणजे क्लाउड सेवेशी बोलण्यासाठी तयार मिळणारा संच, ती त्याच्या वतीने करते. गेली काही वर्षे माझे काम अशा लायब्ररींच्या आतल्या भागाशी आहे. सहीचे गणित अवघड असेल या समजुतीने लोक या विषयाला बिचकतात. माझा अनुभव वेगळा आहे. गणित फार पूर्वी सुटले आहे आणि ते भक्कम आहे. आपण नेमके काय लिहिले यावर लिहिणारा आणि वाचणारा यांचे अक्षरशः एकमत होणे, ही खरी अवघड गोष्ट आहे. सहीच्या पद्धतींमध्ये गेल्या वीस वर्षांत सापडलेले महत्त्वाचे दोष पाहिले, तर त्यांचे मूळ बहुधा इथेच निघते.

पासवर्डच का पाठवत नाहीत?

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे प्रत्येक विनंतीसोबत गुप्त शब्द पाठवणे. आज पुष्कळ सेवा तसेच करतात. त्या शब्दाला ‘बेअरर टोकन’ म्हणतात. बेअरर चेक आणि हे टोकन यांचा स्वभाव एकच : ज्याच्या हाती, तो मालक. इंटरनेटवरचा प्रवास कूटबद्ध असतो हे खरे, पण ते कूट दोन टोकांना उघडतेच. मोठ्या कंपनीत विनंती मुख्य यंत्रापर्यंत पोचण्यापूर्वी मधल्या दोन-तीन यंत्रांतून जाते आणि कुठेतरी तिची नोंद एखाद्या लॉगमध्ये उतरते. त्या लॉगमध्ये टोकन राहिले, तर तो लॉग वाचणारा प्रत्येकजण खातेदार होऊ शकतो.

सहीच्या पद्धतीत गुप्त किल्ली कधीच प्रवास करत नाही. खाते उघडताना ती दोघांना ठाऊक होते. पुढे प्रत्येक पत्राच्या मजकुरावर त्या किल्लीने एक हिशेब करून त्याचे उत्तर पत्रासोबत पाठवले जाते. सर्व्हर स्वतःच्या प्रतीने तोच हिशेब करतो. उत्तर जुळले तर पत्र खरे. लॉगमध्ये अशी विनंती सापडलीच, तर तिचा उपयोग त्या एकाच कामापुरता आणि काही मिनिटांपुरता उरतो.

एक खुलासा आवश्यक आहे. आपल्या २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातली ‘डिजिटल सही’ आणि ही सही एक नव्हेत. कायद्यातल्या सहीत दोन किल्ल्यांची जोडी असते. सही करणारी किल्ली फक्त मालकाकडे असते, म्हणून ‘ही सही माझी नाही’ असे त्याला म्हणता येत नाही. क्लाउडच्या नेहमीच्या सहीत किल्ली एकच आणि ती दोघांकडेही. त्यामुळे तिसऱ्यासमोर पुरावा म्हणून ती फारशी उपयोगी नाही. ती दोघांनी आपसांत ठरवलेली खूण आहे.

शिक्का वर, मोर्तब खाली

आपण ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द सर्रास वापरतो, पण त्यात दोन वेगळ्या वस्तू आहेत हे सहसा लक्षात येत नाही. मराठेशाहीतल्या पत्रांत वर मुख्य शिक्का असे; तो पत्र कोणाचे ते सांगे. मजकूर संपला की तिथेच मोर्तबाची छोटी मुद्रा उमटे. शिवकालीन पत्रांत हिला मर्यादा मुद्रा म्हणतात. तिचे काम, पत्र इथे संपले हे सांगण्याचे. खालच्या कोऱ्या जागेत कोणी आणखी दोन ओळी लिहिल्या तर त्या पत्राचा भाग नव्हेत.

या दुसऱ्या मुद्रेची गरज इंटरनेटच्या कारागिरांना कशी कळली ते पाहण्यासारखे आहे. सहीच्या मुळाशी ‘हॅश’ नावाचे साधन असते. कितीही लांबीचा मजकूर द्या, त्यातून ठरावीक लांबीचा एक आकडा निघतो. मजकुरात एक काना बदलला तरी सगळा आकडा बदलतो, आणि आकड्यावरून मजकूर परत काढता येत नाही. साहजिकच एक सोपी युक्ती सुचते : गुप्त किल्ली आणि तिच्यापुढे मजकूर असे जोडून लिहायचे, त्या सगळ्याचा हॅश काढायचा, झाली सही.

ही युक्ती फसवी आहे. एमडी-५, शा-१ किंवा शा-२५६ हे हॅश मजकूर ठोकळ्या-ठोकळ्यांनी वाचतात आणि शेवटच्या ठोकळ्यानंतर यंत्राची जी आतली अवस्था असते, तीच उत्तर म्हणून देतात. म्हणजे उत्तर हाती आले की यंत्र तिथून पुढे चालू करता येते. किल्ली ठाऊक नसलेला माणूसही, तिची लांबी ओळखली तर, जुन्या पत्राच्या शेवटी स्वतःच्या ओळी जोडून वाढीव पत्राची बरोबर सही तयार करू शकतो. शिक्का आहे, मोर्तब नाही, अशी ही स्थिती. २००९ च्या सप्टेंबरमध्ये थाई दुओंग आणि जुलियानो रिझ्झो या दोघा संशोधकांनी फ्लिकर या छायाचित्रांच्या सेवेची सही नेमकी याच वाटेने बनावट करता येते हे दाखवून दिले.

यावरचा उपाय तेव्हा उपलब्ध होता. मिहिर बेलारे, रान कानेटी आणि ह्यूगो क्राव्हचिक यांनी १९९६ साली ‘एचमॅक’ ही रचना मांडली आणि १९९७ मध्ये ती इंटरनेटच्या आरएफसी २१०४ या दस्तऐवजात आली. त्यात हॅश दोनदा काढतात : एकदा किल्लीचे एक रूप आणि मजकूर यांचा, आणि मग किल्लीचे दुसरे रूप आणि पहिले उत्तर यांचा. बाहेरच्या हॅशमुळे आतली अवस्था कोणाच्याच हाती लागत नाही आणि शेपूट जोडण्याची सोय संपते. आजच्या बहुतेक क्लाउड सेवांच्या सह्या एचमॅकवरच उभ्या आहेत.

गावदेवगड

मात्र एचमॅक वापरले की काम संपले, असे नाही. विनंतीत अनेकदा नाव आणि मूल्य अशा जोड्या असतात. समजा एक जोडी आहे : नाव ‘गाव’, मूल्य ‘देवगड’. सही करण्यापूर्वी या जोड्या एका ओळीत मांडाव्या लागतात. मध्ये कोणतेही चिन्ह न ठेवता त्या चिकटवल्या, तर ‘गावदेवगड’ अशी ओळ मिळते. आता दुसरी जोडी घ्या : नाव ‘गावदेव’, मूल्य ‘गड’. ओळ तीच. ओळ तीच म्हणजे सहीही तीच. एका अर्थाच्या पत्रावरची खरी सही वेगळ्या अर्थाच्या पत्रावर चिकटवता येते आणि त्यासाठी कोणतेही गणित मोडावे लागत नाही.

ॲमेझॉनच्या काही क्लाउड सेवांच्या सहीची पहिली आवृत्ती अशीच होती : जोड्या नावानुसार लावायच्या आणि विभाजक चिन्हाशिवाय जोडायच्या. कॉलिन पर्सिव्हल या संगणक-सुरक्षा तज्ज्ञाने २००८ साली हा दोष उघड केला आणि त्याच वर्षी दुसरी आवृत्ती आली. त्याचा गैरफायदा घ्यायला आधी कोणाची तरी सही केलेली विनंती दिसावी लागे, म्हणजे कूटबद्ध नसलेल्या मार्गावर धोका जास्त. पण शिकण्यासारखी गोष्ट ही की त्या पहिल्या आवृत्तीतही एचमॅक होतेच. सही खरी होती. कशावर केली, एवढेच संदिग्ध होते. फ्लिकरच्या सहीतही वर सांगितलेल्या दोषाच्या जोडीला हा चिकटवण्याचा दोष होता.

प्रमाण रूप

ॲमेझॉनच्या सेवांची आज प्रचलित असलेली सहीची चौथी आवृत्ती या धड्यांवर बेतलेली आहे. इतर अनेक क्लाउड कंपन्यांच्या साठवण सेवाही हीच भाषा समजतात, म्हणून ती उदाहरणादाखल घेऊ.

पहिली पायरी म्हणजे विनंतीचे ‘प्रमाण रूप’ तयार करणे. एका ओळीत क्रियापद : आणा, ठेवा की पुसा. पुढच्या ओळीत फाइलचा मार्ग. मग पत्त्यातल्या प्रश्नचिन्हानंतरच्या जोड्या, ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या चिन्हांनी जोडून. मग पत्रासोबतच्या हेडरच्या ओळी : नावे छोट्या रोमन अक्षरांत, कडेच्या मोकळ्या जागा काढून, क्रमाने. त्यानंतर कोणकोणत्या हेडरांवर सही आहे त्यांची यादी, म्हणजे कोणी त्यातून एखादा गुपचूप काढू नये. शेवटी पत्रासोबत जाणाऱ्या ऐवजाचा शा-२५६ हॅश, ६४ अक्षरांचा.

दुसरी पायरी : चार ओळींची छोटी चिठ्ठी. पद्धतीचे नाव, वेळ, सहीचे क्षेत्र आणि प्रमाण रूपाचा हॅश. ‘क्षेत्र’ म्हणजे तारीख, क्लाउडचा प्रदेश आणि सेवा.

तिसरी पायरी किल्लीची, आणि ती मला विशेष आवडते. मूळ किल्लीने थेट सही करत नाहीत. मूळ किल्लीपासून तारखेची किल्ली काढतात, तिच्यापासून प्रदेशाची, तिच्यापासून सेवेची, आणि एका ठरलेल्या शब्दाने शेवटची. चार वेळा एचमॅक. या शेवटच्या किल्लीने चिठ्ठीवर सही होते. त्यामुळे मुंबईतल्या एखाद्या सेवेला सह्या तपासण्यासाठी त्या दिवसाची, त्या प्रदेशाची, त्या सेवेची किल्ली पुरते. ती फुटली तरी नुकसान तेवढ्याच कुंपणात राहते. वाड्याची किल्ली तिजोरीत ठेवून रोज एका खोलीची किल्ली बाहेर काढावी, तसे हे आहे.

ऱ, ळ आणि तुर्की ‘आय’

नियम इतके काटेकोर असूनही घोटाळे होतात, आणि त्यांतले काही थेट आपल्या लिपीशी निगडित आहेत.

पत्त्यात देवनागरी अक्षरे तशीच जात नाहीत. युनिकोडच्या नेहमीच्या संकेतनात प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात आणि प्रत्येक बाइट टक्केचिन्ह व दोन अक्षरे असा लिहितात. ‘दिवाळी’ या शब्दात काना-वेलांट्या धरून सहा चिन्हे आहेत. म्हणजे १८ बाइट, आणि पत्त्यात ५४ अक्षरे. चौथ्या आवृत्तीच्या नियमानुसार यातली रोमन अक्षरे मोठ्या लिपीतच हवीत. उलट हॅश लिहिताना ती छोट्या लिपीत हवीत. रिकामी जागा टक्केचिन्हानेच दाखवायची; वेबवरचे फॉर्म ती अधिक चिन्हाने दाखवतात, ते इथे चालत नाही. लायब्ररीने यांतला एक नियम जरी चुकवला, तरी इंग्रजी नावाच्या साध्या फाइली सुखरूप चालतात आणि मराठी नावाच्या किंवा मोकळी जागा असलेल्या फाइलींवर ‘सही जुळत नाही’ असे उत्तर येते. चाचण्या इंग्रजी नावांवरच झालेल्या असल्या, तर हा दोष वर्षानुवर्षे झाकलेला राहतो.

त्याहून गुंतागुंतीचा आहे आपला ‘ऱ’. ‘दऱ्याखोऱ्या’ हा शब्द पडद्यावर एकच दिसतो, पण त्यातला अर्धा ‘ऱ्’ तीन प्रकारे लिहिलेला असू शकतो : स्वतंत्र ‘ऱ’ अधिक हलन्त, साधा ‘र’, खाली नुक्ता आणि हलन्त, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पहिल्याला ६ बाइट लागतात, उरलेल्या दोन्हींना ९. युनिकोडचे नियम पहिले दोन समान मानतात, तिसरा मानत नाहीत. ‘ॲप’मधल्या ‘ॲ’चेही तसेच : त्याला स्वतंत्र स्थान युनिकोडमध्ये २००८ साली मिळाले, त्यापूर्वीचे आणि आजचेही पुष्कळ मजकूर ‘अ’वर चंद्र ठेवून ते लिहितात.

एका सार्वजनिक वाचनालयाच्या स्कॅन केलेल्या जुन्या अंकांच्या बाबतीत हे मी जवळून पाहिले. स्वयंसेवकांनी दोन वेगळ्या संगणकांवर फाइलींना नावे दिली होती. काही अंक उघडत, काही उघडत नसत, आणि न उघडणाऱ्या नावांत हटकून ‘ऱ्या’ असे. तिथे वापरलेली एक अल्पपरिचित लायब्ररी सही करण्यापूर्वी नाव ‘सुधारून’ घेई, म्हणजे नुक्त्याचा ‘र’ स्वतंत्र ‘ऱ’ करी, पण प्रत्यक्ष पाठवताना मूळ नावच पाठवी. सही एका पत्रावर, पाठवले दुसरेच. डोळ्यांना दोन्ही सारखी. ॲमेझॉनच्या साठवण सेवेत नावाचे बाइट आहेत तसेच वापरायचे असतात. शुद्धलेखन सुधारण्याचा अधिकार लायब्ररीला नाही. तो अधिकार काढून घेताच सगळे अंक उघडले. त्या संग्रहातल्या काही अंकांची दुसरी प्रत कुठे नव्हती. अंक जागच्या जागी सुरक्षित होते, पण मागणारा आणि देणारा यांच्या लेखी नाव वेगळे असल्याने ते वाचकांपुरते नाहीसेच झाले होते.

क्रम लावण्यातही अशीच मेख आहे. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, युनिकोडमध्ये तो ‘ल’ला चिकटून आहे. सहीला हवा असतो तो बाइटांचा क्रम. जी लायब्ररी संगणकाच्या भाषेनुसार ‘शहाणपणाने’ क्रम लावते, ती इथे चुकते. हेच छोट्या-मोठ्या अक्षरांचे. तुर्की भाषेत मोठ्या ‘आय’चे छोटे रूप बिनटिंबाचे असते. त्यामुळे तुर्की भाषेवर लावलेल्या संगणकात ‘आय’ने सुरू होणारे हेडरचे नाव छोटे करताना वेगळेच अक्षर बनते आणि सही फसते. म्हणून चांगली लायब्ररी या कामापुरती माणसांची कोणतीच भाषा जाणत नाही. ती फक्त बाइट जाणते.

पहाटे साडेपाच

तिसरा प्रश्न काळाचा. जुने पत्र पुन्हा कोणी पुढे करू नये म्हणून सहीत वेळ असते. ॲमेझॉनच्या एस-थ्री या साठवण सेवेत पाठवणाऱ्याचे घड्याळ १५ मिनिटांहून अधिक मागेपुढे असेल, तर विनंती नाकारली जाते. ही वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहायची असते. भारतात बसलेल्या यंत्राने घड्याळ भारतीय वेळेला लावून ‘ही प्रमाणवेळ आहे’ असे सांगितले, तर फरक साडेपाच तासांचा पडतो आणि प्रत्येक विनंती परत येते.

आणखी एक बारकावा : किल्ली तारखेची असते आणि ती तारीखही प्रमाणवेळेची. म्हणजे आपल्याकडे ती मध्यरात्री बदलत नाही. पहाटे साडेपाचला, नरकचतुर्दशीला ज्या सुमारास घरोघरी अभ्यंगस्नाने चाललेली असतात तेव्हा, बदलते. वेग वाढवण्यासाठी लायब्ररी दिवसाची किल्ली जपून ठेवतात. तारीख बदलल्याचे भान न ठेवणारी लायब्ररी साडेपाचनंतर कालच्या किल्लीने सह्या करत राहते.

मुंबईचा या कथेशी आणखी एक संबंध आहे. एस-थ्री २००६ मध्ये सुरू झाली तेव्हा तिची सही शा-१वर आधारलेल्या एचमॅकची होती आणि ती पद्धत पुढे बराच काळ चालू राहिली. मात्र ३० जानेवारी २०१४ नंतर उघडलेल्या प्रदेशांत चौथी आवृत्तीच चालेल, असा नियम झाला. त्यात २०१४ चे फ्रँकफुर्ट आले आणि जून २०१६ मध्ये सुरू झालेली मुंबईही. अमेरिकेतल्या जुन्या प्रदेशांत निर्धोक चाललेले प्रोग्रॅम मुंबईकडे वळवताच नाकारले जाऊ लागले, ते यामुळे. पायथन भाषेतली प्रसिद्ध लायब्ररी ‘बोटो’, जिचे नाव ॲमेझॉन नदीतल्या डॉल्फिनवरून आले आहे, तिच्या जुन्या पिढीत चौथी पद्धत मुद्दाम सुरू करावी लागे.

सही सर्वांत शेवटी

या सगळ्यातून लायब्ररी लिहिणाऱ्यासाठी एक शिस्त निघते. सही ही शेवटची कृती असावी. पत्ता, हेडर, ऐवज सगळे पक्के झाल्यावर ती करावी आणि नंतर एका बाइटालाही हात लावू नये. नेटवर्क तुटल्यामुळे विनंती पुन्हा पाठवायची झाली, तर जुनी सही न वापरता नव्या वेळेची नवी करावी. सर्व्हरने दुसऱ्या पत्त्यावर जायला सांगितले, तर तिथेही नवीच. वाटेतली मधली यंत्रे जे हेडर बदलू शकतात, त्यांवर सही करू नये.

मोठ्या ऐवजाचा प्रश्न वेगळा. चार गिगाबाइटच्या चित्रफितीचा हॅश आधी काढायचा, तर ती पाठवण्यापूर्वी पूर्ण वाचावी लागते. त्यासाठी तुकड्यांची सोय आहे : प्रत्येक तुकड्याच्या सहीत आधीच्या तुकड्याची सही गुंफलेली असते, त्यामुळे मधला तुकडा कोणी काढला किंवा क्रम बदलला तर साखळी तुटते.

आणि सही जुळली नाहीच, तर? एस-थ्रीचे एक सौजन्य असे की नकाराच्या उत्तरात ती स्वतः तयार केलेले प्रमाण रूप आणि चिठ्ठी परत पाठवते. मग काम उरते ते पोथ्यांच्या अभ्यासकाचे : दोन प्रती शेजारी ठेवून पाठभेद शोधायचा. फरक इतकाच की इथे दोन्ही प्रती बाइटाबाइटाने ताडाव्या लागतात, कारण डोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही.

सहीची मर्यादाही सांगायला हवी. किल्ली वाटेत चोरीला जाऊ नये एवढी काळजी ती घेते. प्रोग्रॅमरने किल्लीच प्रोग्रॅममध्ये लिहून तो सर्वांसाठी खुला केला, तर सही काहीच करू शकत नाही. म्हणून आता काही तासांत कालबाह्य होणाऱ्या तात्पुरत्या किल्ल्या वापरण्याकडे कल आहे. तसेच आधीच सही करून ठेवलेला दुवा कोणाला दिला, तर मुदत संपेपर्यंत तो बेअरर चेकच असतो. चौथ्या आवृत्तीत ही मुदत जास्तीत जास्त सात दिवसांची असते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये एचटीटीपी संदेशांवरच्या सह्यांसाठी आरएफसी ९४२१ हे सामाईक मानक प्रसिद्ध झाले. ते उघडून पाहिले तर त्यातला मोठा भाग गणिताचा नाही. विनंतीतला कोणता घटक कोणत्या नावाने, कोणत्या रूपात, कोणत्या क्रमाने लिहायचा, याची ती तपशीलवार नियमावली आहे. एचमॅक आल्यानंतर इतक्या वर्षांनीही पाने खर्ची पडतात ती यासाठीच. शिक्का कसा कोरायचा हे आपल्याला केव्हाच कळले होते. पत्र कुठे सुरू होते, कुठे संपते आणि मधले प्रत्येक अक्षर कोणते, हे दोघांनी सारखे वाचावे, याची तजवीज अजून चालू आहे.